बाटलीतलं गोड पाणी

हल्ली रक्त-लघवी तपासायला गेलं, की काउंटरवरची मुलगी हातात प्लास्टिकची डबी ठेवते आणि सगळ्यांदेखत सांगते, "आजी, सकाळची पहिलीच आणा हं." रांगेतले पुरुष मोबाईलमधून मान वर करत नाहीत. मी मात्र ती डबी अजून पदराखाली धरते. सुना हसतात. हसू देत. अशाच एका बाटलीपायी आमच्या घराची मान गावात खाली गेली होती, आणि जिच्यासाठी गेली ती मी. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. लाज वाटते, दुसरं काय?

माझं माहेर डोणगावचं. तिकडे विहिरींना पाणी कमी असेल, पण असेल ते गोड. लग्न होऊन मी संग्रामपूरकडे आले ती थेट खारपाण पट्ट्यात. सासरी पहिल्याच दिवशी पाण्याचा घोट घेतला आणि वाटलं, नणंदांनी नवरीची गंमत केली, मीठ घातलं. मी हसून नणंदेकडे पाहिलं. ती काही हसली नाही. तेव्हा कळलं की हे इथलं रोजचंच आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, चहा फाटत असे, साबणाला फेस येत नसे. समोर सातपुडा निळानिळा दिसायचा, जमीन काळी कसदार, घरी ज्वारी-कापूस उदंड, आणि प्यायला खारट पाणी. मला तर सुरुवातीला या मंडळींचा रागच येई. एवढी जमीन घेऊन बसलात, आणि पाणी पाहून नाही बसलात?

घरात दोन रांजण होते. अंगणात खारा, आणि देवघराशेजारी गोड. गोड पाणी नाल्यापलीकडच्या एका विहिरीवरून आणायचं. सगळ्या टापूत तेवढी एकच विहीर गोड, आणि उन्हाळ्यात तिचाही जीव जायचा. त्या पाण्याने हात धुवायची कुणाची छाती नव्हती. आधी देवाला, मग पाहुण्याला, मग सासऱ्यांना, मग आमच्या ह्यांना, मग मला आणि सगळ्यात शेवटी सासूबाईंना. मला त्यांच्या आधी, हे लक्षात ठेवायला हवं. त्या जिभेच्या तिखट होत्या, पण पाण्याच्या बाबतीत त्यांनी माझ्यावर अन्याय केला नाही.

पाणी मीच पीत नसे. त्याला कारण होती न्हाणी. न्हाणी अंगणात, आणि सासऱ्यांची बाज बरोबर तिच्या समोर. दिवसभर ते तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. गावच्या पंचांपैकी एक होते ते, माणसांचा राबता सारखा. एवढ्या पुरुषांसमोरून लोटा घेऊन आत कसं जायचं? मग मी पाणीच कमी प्यायचे. पहाटे एकदा आणि दिवेलागणीनंतर एकदा, बस्स. मला दिवस गेले तरी माझी हीच तऱ्हा. डोकं दुखायचं, तोंड सुकायचं, पण लाज राहायची. लाज राहिली की सगळं राहिलं, असं मी माहेराहून शिकून आले होते.

महाराष्ट्र तेव्हा नवानवाच झाला होता. आधी आमच्या भागाचे कागद नागपूरला जायचे, आता मुंबईला जायला लागले होते. मुंबई आमच्याकडे लक्ष देईल का, यावर सासऱ्यांच्या बाजेभोवती रोज वाद झडायचे. अशात एक दिवस धुरळा उडवत जीप आली. शहरातल्या मोठ्या कॉलेजची डॉक्टरमंडळी होती. खाऱ्या पाण्याने माणसाच्या शरीराचं काय होतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती, तिथेच त्यांनी बिऱ्हाड मांडलं. एका वर्गात बारीक जंतू पाहायच्या दुर्बिणी, काचेच्या नळ्या, स्पिरिटचे दिवे. दुसऱ्या वर्गात वजनाचा काटा आणि पडदा लावून तपासायची जागा. कुणाच्या गळ्याला गाठ आहे का पाहत, पापण्या खाली ओढून रक्त कमी आहे का पाहत, बोटाला टोचत, जंतांसाठी डब्या देत. गावाला मोठी मौज वाटली. ज्यांना काहीच होत नव्हतं तेसुद्धा छाती तपासून घ्यायला रांगेत उभे.

पण सगळ्यांत महत्त्वाची होती लघवी. दर घराला माणशी एक काचेची बाटली मिळाली, वर आकड्याची चिठ्ठी चिकटवलेली. आणि एकदा देऊन भागणार नव्हतं, काही दिवस लागोपाठ द्यायची होती. दवंडी देणाऱ्याने हे सगळं भर चौकात ओरडून सांगितलं. मी दाराआड उभी होते. कान तापले माझे. आमच्याकडे या गोष्टीला धड शब्दसुद्धा नव्हता, बाया नुसतं "बाहेर जाऊन येते" म्हणायच्या, आणि हा मेला डफडं वाजवून सांगतोय!

त्यांच्यात एक डॉक्टरीणबाई होती, तरुण, जाड चष्म्याची, दोन वेण्यांची. गावातल्या आम्हा पोटुशींना तिने वेगळं बोलावलं. माझ्यासोबत आणखी दोघी होत्या. तिने माझ्या दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. जरा खड्डा पडला.

"दाब थोडा वर आहे," ती सासूबाईंना म्हणाली. "आत्ता घाबरण्यासारखं नाही. पण हिची लघवी नीट पाहायला हवी. ती चांगली आली, तर काळजी नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. चांगली आली पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या घरच्या बाटल्या देवळीत ओळीने ठेवलेल्या होत्या. पुरुष बाटली भरून न्हाणीच्या कोनाड्यात ठेवून निघून जायचे, पुढचं सगळं बायकांनी पाहायचं, ही आमच्याकडची रीतच. उजेडात सासूबाईंनी बाटल्या पाहिल्या आणि माझ्या बाटलीशी थबकल्या. सगळ्यांची पिवळी होती, माझी चहासारखी काळपट, गढूळ. वर फेस. ज्या गावात साबणाला फेस येत नव्हता तिथे माझ्या बाटलीला आला होता.

"अवं बाई, हे काय वं?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "इतकी लाल? हे पाहून लोकं काय म्हनतीन? एवढ्या मोठ्या घरी सुनेले प्यायले पानी देत नाईत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आत्याबाई, जसं हाय तसंच द्या म्हने डाक्टरीनबाई."

"जसं हाय तसं कायले दाखवाचं? पाहुन्याले आपन कोंड्याची भाकर वाढतो काय?"

आणि त्यांनी माझी बाटली न्हाणीत नेली. बुडाशी थोडंसं ठेवून बाकीचं ओतून दिलं. मग देवघराशेजारच्या रांजणातून गोड पाणी काढलं, ज्याने आम्ही हातही धूत नव्हतो ते, आणि वाटीने ती बाटली गळ्यापर्यंत भरली. उजेडाकडे धरून पाहिली. स्वच्छ दिसत होती, ओढ्याच्या पाण्यासारखी. मग त्यांना वाटलं की एकटीचीच अशी बरी दिसणार नाही, म्हणून त्यांनी सासऱ्यांच्या, ह्यांच्या आणि स्वतःच्या बाटलीतही घातलं. खाऱ्या रांजणातलं घालायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. सरकारी माणसांना खारं द्यायचं नाही, ही गावची रीत होती, आणि त्यांच्या मते बाटली त्यांनाच तर द्यायची होती.

आज मी हे सांगते तेव्हा हसू येतं. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, तेही सांगते. माझी ती काळी, फेसाळ बाटली परक्या पुरुषांनी उजेडात धरून पाहावी, यापेक्षा काहीही चाललं असतं.

शाळेतून निरोप आला, तुमच्या घरची लघवी एकदम चांगली आहे. सासूबाईंची छाती फुगली. गोड विहिरीवर बाया जमल्या तेव्हा त्यांनी कसं केलं ते सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं, एखादीने पापड न तुटायची युक्ती सांगावी तसं. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या यच्चयावत बाटल्यांत गोड पाणी जायला लागलं. मशिदीमागच्या कापूस व्यापाऱ्याच्या बायकोने तर कहर केला. तिला नुसतं पाणी अपुरं वाटलं. तिने गुलाबाच्या अत्तराचा थेंबही टाकला. नळ्या धरणाऱ्या तरुण डॉक्टरला म्हणे शिंकांवर शिंका आल्या. बाया हसून लोटपोट झाल्या. उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी एकमेकींवर डोळे वटारणाऱ्या या बाया बाटल्यांसाठी मात्र गोड पाणी उदारपणे खर्चत होत्या. गावाच्या अब्रूचा प्रश्न होता.

इकडे शाळेत काय चाललं होतं ते मला नंतर डॉक्टरीणबाईने सांगितलं. त्यांच्याकडे काचेचा एक छोटा तरंगा होता. लघवीत सोडला की ती किती दाट आहे ते कळायचं; दाट असली तर तो वर राहायचा, पातळ असली तर खाली जायचा. आमच्या गावच्या लघवीत तो तरंगा पार तळाशी जायचा. एका घरचा नव्हे, सगळ्या गावचा, आणि रोजच. खारं पाणी पिणाऱ्यांची लघवी दाट असायला हवी, आणि इथे तर निव्वळ पाणी! डॉक्टरमंडळी चक्रावली. मग त्यांच्यातल्या एकाला वाटलं, पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी पिऊन इथल्या माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली असावीत, पाणी नुसतं आरपार सोडत असावीत. असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. रात्रंदिवस त्यांनी नळ्या तापवल्या. मग तार करून त्यांनी कॉलेजातल्या मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं.

मोठे डॉक्टर आले तेव्हा शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली सगळं गाव जमलं. पुरुष पुढे, आम्ही बाया भिंतीकडेने. डॉक्टर म्हातारे होते, आवाज मऊ. बोलायला सुरुवात करण्याआधी तो शिंका येणारा तरुण उभा राहिला आणि जरा चाचरत म्हणाला, "एक विचारायचंय. कुणी बाटलीत पाणी तर घालत नाही ना?"

पुरुषांना हे लागलं. कुणी म्हणालं, आम्हाले येडे समजता काय? सासरे उठले, फेटा सारखा केला.

"साहेब," ते म्हणाले, "आमच्या घरचं मी सांगतो. अन् गावचंबी मीच सांगतो. आमच्या बायामानसं असे धंदे करत नाईत."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. पुरुषांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्ही बाया एकमेकींकडे न पाहता जमिनीकडे पाहत बसलो.

मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की गावकऱ्यांच्या मूत्रपिंडांवर खाऱ्या पाण्याने वाईट परिणाम झालेला दिसतो, आणि असा पुरावा त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. "मी मुंबईला लिहिणार आहे," ते म्हणाले. "या गावाला गोड पाण्याचा नळ द्यावाच लागेल. नाही कसा म्हणतात ते पाहू."

टाळ्या थांबेनात. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. डोंगराच्या पायथ्याशी विहीर खणून नळाने पाणी आणायचं हे गावचं जुनं मागणं होतं, अर्ज करून करून लोक थकले होते. आणि आता एवढा मोठा माणूस स्वतःहून म्हणत होता. माझ्या शेजारी बसलेली बाई तोंडात पदर कोंबून रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

घरी जाताना सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "कोनाजवळ बोलू नको. आपलं खोटं अशीन, पन पानी तं खरं येईन ना."

मलाही आनंदच झाला होता. घरात नळ. पोटभर पाणी. माझं लेकरू खारं पाणी न पिता वाढेल, असंही मनात आलं. माझ्या पायांना आता चप्पल बसत नव्हती, हाताच्या बांगड्या रुतायला लागल्या होत्या, पण लघवी चांगली होती ना? सगळे तेच म्हणत होते. डॉक्टरीणबाईसुद्धा.

आणि मग मला दिसेना. म्हणजे दिसायचं, पण मध्येच काजवे चमकायचे. सकाळी उठले तर डोकं फुटत होतं, तोंड इतकं सुजलं होतं की डोळ्यांच्या फटी झालेल्या. उलटी झाली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लगेच त्यांनी गड्याला दमणी जुंपायला सांगितली. शाळा तशी हाकेच्या अंतरावर होती, पण माझ्याने चालवत नव्हतं.

नेमका तो मोठ्या डॉक्टरांना निरोप द्यायचा दिवस. आवारात पुन्हा सगळं गाव. सरपंचांच्या हातात हार. मला बैलगाडीतून उतरवून व्हरांड्यातल्या बाकावर निजवलं, तर सगळे तिकडेच पाहायला लागले. डॉक्टरीणबाई धावत आली, दंडाला पट्टा बांधला, आणि तिने मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी माझे पाय पाहिले, डोळे पाहिले.

"हिची लघवी?"

"रोज पाहिली सर. अगदी स्वच्छ."

"मग गरोदरपणातला तो दाबाचा आजार नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनाही बुचकळ्यात पडल्यासारखं झालं. "त्या पाण्याचीच सूज असेल. खारं बंद करा, पडून राहू द्या, उद्या पाहू. लघवी स्वच्छ असताना दुसरं काही असणार नाही."

सासूबाई माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. तोंडावर पदर. जन्मात त्या परक्या पुरुषाशी बोलल्या नव्हत्या. सासऱ्यांशीसुद्धा चारचौघांत बोलत नसत. मला त्यांचा हात माझ्या केसांवर जाणवत होता.

"डाक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण आवारभर ऐकू गेला. "स्वच्छ नव्हती ते. मी त्याच्यात पानी घातलं."

"किती?"

"तिचं बुडाशी ठेवलं. बाकी सारं पानीच. फेस येऊन राह्यला होता इच्या बाटलीले. लाज वाटली मले."

मी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, माझ्या जिवावर बेतलं होतं, आणि मला त्याची भीती नाही वाटली. मला वाटली लाज. माझ्या लघवीचा फेस सगळ्या गावासमोर, सासऱ्यांसमोर, ह्यांच्या मित्रांसमोर सांगितला जात होता. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. गप्प बसा ना आत्याबाई, असं मी मनात ओरडत होते.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "फक्त हिच्याच बाटलीत?"

इथे त्या हो म्हणाल्या असत्या तर सगळं निभावलं असतं. माझ्यावर उपचार झाले असते, गावाला नळ मिळाला असता. एका सासूने एका सुनेची बाटली बिघडवली, एवढंच झालं असतं. मी डोळे उघडले. भिंतीकडच्या बाया त्यांच्याकडे पाहत होत्या. मला खालून दिसलं, पदराआड सासूबाईंनी ओठ उघडले, आणि त्या तेच म्हणणार होत्या असं मला आजही वाटतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, गावात आणखी दोघी गरोदर आहेत. त्यांच्या बाटल्याही अशाच स्वच्छ आल्यात."

सासूबाईंनी भिंतीकडे, त्या दोघींकडे पाहिलं. मग त्यांनी पदर मागे सारला, आणि सगळ्या गावाला त्यांचं तोंड दिसलं.

"त्याइच्याबी पाहा," त्या म्हणाल्या. "सगळ्याइच्याच पाहा. मीच शिकवलं गावाले."

सरपंचांच्या हातातला हार तसाच राहिला. सासरे जागेवरून उठले आणि कुणाकडे न पाहता फाटकाबाहेर चालू लागले. बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डॉक्टरीणबाईने आतल्या वर्गात नेऊन पुन्हा लघवी घेतली. दिव्यावर नळी धरली, आणि नासलेल्या दुधासारखा पांढरा साका झाला. मला तिचा चेहरा आठवतो. मग जीप, खड्डे, आणि खामगावचा दवाखाना. तिथे मला झटके आले म्हणे. मला त्यातलं काही ठाऊक नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोट रिकामं होतं. मुलगा होता. दिवस न भरताच काढावा लागला, राहिला नाही.

ह्यांनी उशाशी बसून मला हे सांगितलं आणि म्हणाले, डॉक्टर म्हणतात, एक दिवस आणखी गेला असता तर तूही नसतीस. हे चांगलं म्हणून ते सांगत होते. मी भिंतीकडे तोंड केलं.

गावी परत आले तेव्हा शाळा रिकामी झाली होती. त्या दोघींपैकी एकीची लघवी वाईट निघाली होती, तिला वेळेवर नेलं, ती आणि तिचं लेकरू दोघं सुखरूप होते. मोठ्या डॉक्टरांनी सरपंचांना सांगितलं होतं, "पाणी खारं आहे हे माझ्या जिभेला कळतं. पण मुंबईला मी जीभ पाठवू शकत नाही, आकडे पाठवावे लागतात. पुन्हा खऱ्या बाटल्या द्या, मी पुन्हा करतो." पण आता एकाही घराने बाटली दिली नाही. बायांना तोंड दाखवायची चोरी झाली होती आणि पुरुषांना राग आला होता. थोडे दिवस वाट पाहून डॉक्टरमंडळी खोकी बांधून निघून गेली. नळ काही आला नाही. आला तो पुष्कळ वर्षांनी, माझी नंतरची मुलं शाळेत जायला लागल्यावर. हे म्हणायचे, त्या म्हाताऱ्या डॉक्टरचा कागद मुंबईत कुठल्या तरी टेबलाखाली सडलाच असता, तू उगीच जिवाला लावून घेऊ नको. असेलही. पण ते कुणाला सिद्ध करता येणार आहे?

सासरे सासूबाईंशी बोलेनात. पंचांमध्ये जाऊन बसणं त्यांनी सोडलं. गावाने काही आम्हाला वाळीत टाकलं नाही, पण रस्त्याने जाताना बोलणी थांबायची. गोड विहिरीवर आमचा नंबर आपोआप शेवटी जायचा. आमच्या पुढे दुसरं कुणीतरी दोर टाकायचं, आणि सासूबाई बाजूला उभ्या राहायच्या. मी त्यांच्या मागे. गाळ ढवळून वर येईपर्यंत आम्ही थांबायचो. उन्हात पाय भाजायचे. माझ्या मनात सारखं एकच यायचं, की या एवढ्या बाया रोज नाला ओलांडून येतात, म्हाताऱ्या येतात, बाळंतिणी येतात, ते माझ्यापायी. एवढं पाणी गेलं, आणि वाचलं काय, तर मी. मी तर लेकरूसुद्धा घेऊन आले नव्हते.

एक दिवस आमच्या भावकीतली एक बाई, जिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं, सगळ्यांदेखत सासूबाईंना म्हणाली, "गावाचं पानीबी गेलं अन् तुहा नातूबी गेला. त्या दिवशी तोंड उघडून तुले भेटलं तरी काय वं?"

मी मान खाली घातली, कारण हाच प्रश्न मी रोज अंथरुणावर पडल्यापडल्या स्वतःला विचारत होते.

सासूबाई दोर ओढत होत्या. त्यांनी बादली वर घेतली, काठावर टेकवली. त्या बाईकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू तिने काहीतरी अगदीच बिनडोक विचारलं होतं.

"काऊन?" त्या म्हणाल्या. "सून भेटली ना माही."

आणि त्या पाण्याचा पितळी गुंड भरायला लागल्या. मी तिथेच उभी राहिले. तोपर्यंत मला नाना गोष्टींची लाज वाटून झाली होती, त्या बाटलीची, त्या फेसाची, गावाच्या पाण्याची. त्या घटकेला वाटली ती मात्र निराळीच. सासूबाईंनी जिला मिळकतीत धरलं होतं, तिला मी स्वतः एवढे दिवस नुकसानीत धरत आले होते.